हुन्नर : थर्मोकोल कापायला काय घ्यावे?



श्रावण लागला की आपल्या घरांतून दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. यंदा मखर कसले करायचे, आणि ते कापायला हत्यार कोणते आणायचे? पहिल्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या हौसेप्रमाणे द्यावे. दुसऱ्याचा विचार मात्र आपण या अंकात करू. गणपतीनंतर मुलांच्या नाटकासाठी गडाचा दरवाजा, सिंहासन, ढाली असे सामान लागते, तेव्हाही हीच हत्यारे उपयोगी पडतात.

आमचे सांगणे एका वाक्यात असे : पैसा पात्यात घाला, यंत्रात नव्हे.

आधी माल ओळखावा. भारतीय दुकानदाराला ‘थर्मोकोल’ म्हटले की कळते. इतर ठिकाणी ‘पॉलिस्टायरिन’ किंवा ‘स्टायरोफोम’ म्हणून मागावे. पांढरा दाणेदार शीट आपल्या ओळखीचाच आहे. बांधकामात उष्णतारोधक म्हणून वापरतात तो निळा किंवा गुलाबी शीट त्याच जातीचा, पण घट्ट असतो. त्याचे दाणे सुटत नाहीत, म्हणून कोरीव कामाला तो चांगला. बांधकामावर उरलेले तुकडे कोणी देत असेल तर रीतसर विचारून जरूर घ्यावेत. पिवळसर पॉलियुरेथेन आणि पाट्यांसाठी वापरतात तो सनबोर्ड दिसायला यांच्यासारखेच, पण जात निराळी. हा फरक पुढे महत्त्वाचा आहे.

पहिले हत्यार म्हणजे साधा कटर, ज्याचे बोथट झालेले टोक मोडून टाकता येते. पाते असे तुकड्या-तुकड्यांनी मोडण्याची युक्ती १९५६ साली जपानच्या योशिओ ओकादा यांनी काढली, आणि ती चॉकलेटच्या वडीवरून सुचली असे त्यांची ओल्फा कंपनी सांगते. कटर दोन घ्यावेत : जाड शीटसाठी १८ मिलिमीटर रुंद पात्याचा आणि नक्षीसाठी ९ मिलिमीटरचा. कटर स्वस्तातला चालेल, मात्र खटका नीट बसणारा हवा. हातात पाते मागे सरकले तर जखम ठरलेली. उरलेल्या पैशांत सुट्या पात्यांची डबी घ्यावी. थर्मोकोल मऊ असला तरी पात्याची धार लवकर मारतो. कापताना दाणे उपटून येऊ लागले की समजावे, टोक मोडायची वेळ झाली. पाते आडवे धरून, न दाबता, लांब ओढीने दोन-तीनदा फिरवावे. पात्याला मेणबत्ती चोळली तर ते अधिक सहज सरकते. मोडलेले तुकडे झाकणाच्या डब्यात टाकावेत, कचऱ्याच्या पिशवीत मोकळे नकोत. पिशवी उचलणाऱ्याचाही हात असतो.

कटर पोहोचणार नाही अशा जाड ठोकळ्याला ब्रेड कापायची लांब दातेरी सुरी उत्तम. ती बहुतेक घरांत असतेच. हॅकसॉचे सुटे पाते एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळून हातात धरले तर कमानीचे वळणही कापता येते. विजेवर चालणारी सुरी काम झटपट करते खरी, पण वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूसाठी तेवढे पैसे एकट्या कुटुंबाने घालू नयेत.

घासायला काचकागद, म्हणजे आपला पॉलिश पेपर : आधी ८० नंबर, मग १५०, शेवटी २२०. तो लाकडी ठोकळीला चिकटवून वापरला तर कड सरळ येते. भुसा नाकातोंडात जाऊ नये म्हणून मास्क लावावा, आणि खाली ओले फडके ठेवावे, नाहीतर ए.सी.च्या कोरड्या हवेत दाणे घरभर चिकटत फिरतात.

आता गरम तारेचा कटर. याच्या मोहात अनेकजण पडतात, कारण काप लोण्यासारखा येतो. निक्रोमची तार तापते आणि थर्मोकोल तिच्या पुढेपुढे वितळत जातो. पातळ शीटच्या नक्षीसाठी बॅटरीवरचा छोटा कटर पुरतो. मोठ्या कामासाठी ॲडॉप्टरसह तयार मिळणारा घ्यावा. इथली वीज २३० व्होल्टची आहे. उघडी तार थेट त्या विजेला जोडून घरी कटर बनवण्याचा उद्योग कोणीही करू नये.

विजेइतकाच धोका धुराचा. पॉलिस्टायरिन तापले की स्टायरीनची वाफ निघते. आपली घरे इथे उन्हाळाभर बंद, ए.सी. तीच हवा फिरवत राहतो, आणि लहान मूल त्याच खोलीत झोपलेले असते. म्हणून गरम तार उघड्यावरच वापरावी, पहाटे किंवा रात्री ऊन नसताना, आणि मुले दूर ठेवून. तार लाल होऊ देऊ नये. धूर दिसला की ती जास्त तापली आहे. पॉलियुरेथेन आणि सनबोर्ड यांना गरम तार कधीच लावू नये, त्यांतून निघणारे वायू फार विषारी असतात. थर्मोकोल पेटला तर भराभर जळतो, तेव्हा निरांजन आणि समई मखरापासून लांबच बऱ्या.

कापलेले काम रंगात आणि गोंदात नासू नये. स्प्रे पेंट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि तीव्र वासाचे बरेच गोंद थर्मोकोल विरघळवतात. फेविकॉलसारखा पांढरा गोंद आणि पाण्याचे रंग वापरावेत, तेही आधी कपच्यावर करून पाहून. तयार मखर उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नये, वाकते.

शेवटी एक विचार. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकबरोबर थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी आणली, आणि त्याच जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने गणेशोत्सवातील सजावटीसाठी सवलत द्यायला नकार दिला. मुंबईत नानासाहेब शेंडकर यांनी ‘उत्सवी’ या नावाने पुठ्ठ्याची घडीची मखरे लोकांपुढे आणली. इथे अबू धाबीत जून २०२४ पासून आणि दुबईत जानेवारी २०२५ पासून स्टायरोफोमची खाण्यापिण्याची एकदा वापरायची भांडी बंद झाली. हे नियम भांड्यांचे आहेत, मखराचे नव्हेत. पण थर्मोकोल कुजत नाही हे दोन्हीकडे सारखेच खरे. तेव्हा नवा शीट आणण्याआधी टी.व्ही.च्या खोक्यातला शोधावा, मखर सुटे होईल असे जोडावे आणि पुढची चार-पाच वर्षे तेच नव्या रंगात मांडावे. पुठ्ठ्याचे करायचे ठरवले, तर हेच कटर आणि हीच पाती तिथेही चालतात.

आमची एक सूचना : चार-पाच कुटुंबांनी मिळून हत्यारांची एकच पेटी करावी. गरम तारेचा कटर त्या पेटीत एकच असावा आणि तो मोठ्या माणसाच्या हाती राहावा. मुलांना आखणे, घासणे, रंगवणे द्यावे. मखर आपल्या हातचे आहे हे त्यांना आठवत राहील, आणि बोटेही शाबूत राहतील.