मुलांना हातकाम शिकवायचं की धंदा? केडगावचा अनुभव आणि भंडाऱ्यापुढचा प्रश्न

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार सहावी ते आठवीच्या काळात मुलांनी दहा दिवस दप्तर बाजूला ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकायचं आहे. पितळी भांडी आणि टसर रेशमासाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडारा जिल्ह्याला ही मोठी संधी आहे. पण त्या दहा दिवसांत मूल हातकाम शिकणार की धंदा? आणि सोबत मूल्यं कोणती देणार? ख्रिस्ती संस्थांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच या प्रश्नाला हात घातला होता.

ख्रिस्ती दृष्टिकोन काय सांगतो?

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात एक दाखला आहे. धनी प्रवासाला जाताना चाकरांकडे पैसे सोपवतो. दोघं ते व्यापारात वाढवतात, तिसरा भीतीने जमिनीत पुरतो आणि बोलणी खातो. धोका पत्करायला हवा, असा अर्थ त्यातून काढला जातो. पण मूळ पैसा धन्याचा असतो. म्हणजे माणूस मालक नाही, कारभारी आहे. म्हणून नफ्याइतकाच हिशेब आणि प्रामाणिकपणा महत्त्वाचा. प्रेषित पौल स्वतः तंबू बनवून पोट भरत असे, हे उदाहरणही नेहमी दिलं जातं.

केडगावात काय घडलं?

1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. भंडारा तेव्हा याच प्रांतात होता. तिथल्या निराधार मुली आणि विधवांना त्यांनी आणलं आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावात मुक्ती मिशन वाढलं. विणकाम, शिवण, तेलघाणी, दुग्धालय, छापखाना अशी कामं तिथे शिकवली जात. मुली खिळे जुळवत. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यात छापलं गेलं. ज्या काळात विधवेला घरात कोपरा मिळत असे, त्या काळात तिच्या हाताला काम मिळणं ही क्रांतीच होती.

मग वाद कशाचा?

त्याआधी, 1893 मध्ये, रमाबाईंच्या शारदा सदनावर मुलींना धर्मांतराकडे वळवल्याचा आरोप झाला. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आसरा देणाऱ्याच्या धर्माला मूल मोकळेपणाने नाही म्हणू शकतं का, हा त्यातला खरा प्रश्न होता आणि तो आजही लागू आहे.

कायदा काय म्हणतो?

घटनेच्या कलम 28 नुसार पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाच्या पालकांची संमती लागते. दुसरी मर्यादा बालकामगार कायद्याची. 14 वर्षांखालील मुलांना कामाला ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात मदत चालते, पण शाळेनंतर किंवा सुट्टीत आणि धोकादायक कामात नाही. त्यामुळे पितळेच्या भट्टीवर मूल बसवणं म्हणजे शिक्षण नव्हे.

भंडाऱ्यात काय करता येईल?

कारागिराच्या मुलाला हातकाम घरीच दिसतं. त्याला दिसत नाही ते धंद्याचं गणित. ढिवर समाजाने ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढवलेला टसरचा कोष, त्याचं सूत, मोहाडी-आंधळगावच्या मागावरची करवतकाठी साडी आणि शहरातलं दुकान. या साखळीत किंमत कुठे किती वाढते, उधारी कोण देतं, विणकराच्या हाती काय उरतं? दहा दिवसांत सातवीचा वर्ग एवढा हिशेब मांडू शकतो.

मुक्ती मिशनने मुलींच्या हाताला काम दिलं. आजच्या शाळेने त्यापुढे जाऊन मुलाच्या हाती हिशेबाची वही द्यायला हवी. ख्रिस्ती शिकवणीतली कारभाऱ्याची कल्पना इथे उपयोगी पडते: मजुरी वेळेवर द्या, माप खरं ठेवा, खातं उघडं ठेवा. हे शिकवायला कुणाचाही धर्म बदलावा लागत नाही.