भुशाचा ताळेबंद

वस्तूची किंमत आणि वस्तूचा खर्च या दोन भिन्न गोष्टी होत. किंमत पावतीवर लिहिलेली असते आणि ती एकदाच चुकती करावी लागते. खर्च मात्र वस्तू घरात आल्यावर सुरू होतो आणि त्याची पावती कोणी देत नाही. जुनी वस्तू घेताना हा भेद विशेष ध्यानात ठेवावा लागतो. ‘किती वाचले’ हा आकडा मनाला इतका सुखावतो की, वाचलेल्या रकमेतून काय करणे अगत्याचे होते, हा प्रश्न मागे पडतो. सांगलीतील एका कुटुंबाने घेतलेल्या लाकूड कापण्याच्या जुन्या यंत्राची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

या कुटुंबाचे टिंबर एरियालगत हार्डवेअरचे दुकान आहे. दुकानामागे पत्र्याची एक शेड असून तीत आरशांच्या व तसबिरींच्या चौकटी तयार होतात. वडील दुकानाची वही आजही स्वतःच्या हाताने लिहितात. मुलगा शेडमधील काम पाहतो आणि त्याच्या जोडीला वीस वर्षांपासून कुटुंबाशी जोडलेले एक वयस्कर मिस्त्री आहेत. चौकटीचे सगळे मर्म कोपऱ्यात असते. दोन पट्ट्या प्रत्येकी पंचेचाळीस अंशांत कापून जोडल्या की काटकोन व्हावयास हवा. हातकरवतीने हे काम उत्तम होते, पण सावकाश होते. मागणी वाढली तेव्हा मुलाने स्लायडिंग मायटर सॉ घेण्याचे ठरविले. या यंत्रात गोल पाते एका डोक्यावर बसविलेले असते. ते डोके हव्या त्या अंशात फिरते, कलते आणि दोन दांड्यांवरून पुढेमागे सरकते. या सरकण्यामुळे सुमारे ३०० मिलिमीटर रुंदीची फळीदेखील एका चालीत कापता येते.

नव्या यंत्राचा दर तीस हजारांच्या पुढे होता. तेवढ्यात मिरजेतील एका ठेकेदाराने आपली कार्यशाळा बंद करीत असल्याचे कळले. त्याच्याकडे २१६ मिलिमीटर पात्याचे, १,६०० वॅटचे यंत्र होते आणि त्याने अठरा हजार रुपये सांगितले होते. वडील, मुलगा व मिस्त्री असे तिघेही पाहावयास गेले.

जुने यंत्र पाहण्याची रीत मिस्त्रींना ठाऊक होती. त्यांनी प्रथम प्लग काढावयास लावला. मग डोके पूर्ण पुढे ओढून ते आडवे हलवून पाहिले. दांड्यांच्या बेअरिंगमध्ये झीज असेल, तर ती येथेच हाताला कळते. पाते धरून पुढेमागे हलविले, तेव्हा आसाला ढिलाई आढळली नाही. आधारपट्टीला पोलादी पट्टी लावून पाहिली. यंत्र कधी पडले असेल, तर ही ओतीव पट्टी वाकलेली असते आणि वाकलेले ओतकाम सहसा पुन्हा सरळ होत नाही.

मात्र एक गोष्ट त्यांना खटकली. पात्यावरचे खालचे गार्ड तारेने वर बांधून ठेवले होते. डोके वर उचलताच हे गार्ड स्प्रिंगच्या जोरावर आपोआप मिटले पाहिजे. उघड्या पात्याजवळ बोट जाऊ नये, याची तीच एकमेव तरतूद असते.

“हे कुणी बांधलं?” मिस्त्रींनी विचारले.

“कामाच्या घाईत पोरं बांधतात,” ठेकेदार ओशाळून म्हणाला.

तार सोडली, तेव्हा गार्ड व्यवस्थित मिटले. त्यानंतर यंत्र चालवून पाहिले. मोटरमधून ठिणग्या अधिक दिसल्या. कार्बन ब्रश झिजल्याचे ते लक्षण होते आणि ब्रश ही अल्प किमतीची वस्तू आहे. घरघर किंवा जळका वास आला असता, तर गोष्ट वेगळी होती. शेवटी एक रुंद फळी सरळ काटकोनात कापली आणि एक तुकडा उलटा करून दोन्ही तुकडे कापलेल्या कडांनी जोडून ठेवले. अशा रीतीने चूक दुप्पट होऊन डोळ्यांना दिसते. सांध्यात बारीकशी फट राहिली. मिस्त्रींनी गुण्या लावून आधारपट्टीचे स्क्रू सैल केले, पट्टी पुन्हा बसविली आणि दुसऱ्या वेळी फट दिसेनाशी झाली.

वडिलांनी मूळ बिल मागितले, त्यावरील क्रमांक यंत्रावरील क्रमांकाशी ताडून पाहिला आणि विक्रीची सहीनिशी पावती घेतली. चोरीचा माल अजाणता घरात येऊ नये, यासाठी एवढी दक्षता पुरेशी असते. घासाघीस होऊन सौदा पंधरा हजारांवर तुटला. ब्रश आणि नवे पाते यांना दोन हजार लागले. पाते निवडताना दात्यांचा पुढचा कल कमी असलेलेच घ्यावे लागते. टेबल करवतीचे अधिक कलाचे पाते सरकत्या यंत्रात लाकडावर चढून कारागिराच्या अंगावर येऊ शकते. याच कारणास्तव डोके आधी पुढे ओढून, खाली दाबून, मग मागे ढकलीत कापावयाचे असते.

नव्या यंत्राच्या तुलनेत तेरा हजारांहून अधिक रक्कम वाचली होती. त्या रकमेत हवेच्या दाबावर खिळे मारण्याची बंदूक घ्यावी, असे मुलाच्या मनात होते.

पहिल्याच दिवशी दुपारी वडील शेडमध्ये आले. पत्र्याच्या एका भोकातून कवडसा आत उतरला होता. यंत्र थांबून दहा मिनिटे होऊन गेली होती, तरी त्या कवडशात धुळीचा खांब उभा होता. कोपऱ्यात मिस्त्रींचा डबा होता आणि त्याच्या फडक्यावर पिवळसर थर बसला होता. मिस्त्री खोकत होते.

“भुसा फार उडतोय,” वडील म्हणाले.

“आण्णा, भुशानं कधी कुणी मेलंय का? चाळीस वर्षं ह्याच भुशात काढली.”

“चाळीस वर्षं तुम्ही हातकरवत ओढलीत, मिस्त्री. तिचा भुसा जाड. तो पायाशी पडायचा. हे यंत्र पीठ दळतंय.”

वडिलांचे म्हणणे यथार्थ होते. कवडशात दिसणारी धूळ ही त्यातल्या त्यात निरुपद्रवी असते, कारण ती निदान दिसते. एरवी साधारण ५० मायक्रॉनहून लहान कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १० मायक्रॉनहून लहान कण तासन्‌तास हवेत तरंगतात आणि त्यांतील सर्वांत बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात. खोकला, सतत वाहणारे नाक आणि दमा हे त्याचे नित्याचे परिणाम होत. याहून गंभीर परिणामाचा शोध इंग्लंडमध्ये लागला. खुर्च्यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या हाय विकम या गावी एस्मे हॅडफिल्ड या नाक-कान-घशाच्या शल्यविशारद होत्या. नाकाच्या पोकळीतील एरवी अत्यंत दुर्मीळ असा कर्करोग तेथील लाकूड कारागिरांत वारंवार आढळतो, हे त्यांच्या ध्यानात आले. डोनाल्ड अॅचेसन व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी हे निरीक्षण १९६८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. हा रोग उद्भवावयास कित्येक दशके लागतात. म्हणूनच ‘चाळीस वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद दिलासा देणारा नाही.

त्या रात्री वडिलांनी वही उघडून भुशाचा हिशेब मांडला. पात्याची चीर २.४ मिलिमीटर, फळी १५० मिलिमीटर रुंद व २५ मिलिमीटर जाड. म्हणजे प्रत्येक कापात ९ घन सेंटीमीटर लाकडाचा भुसा होतो. सागवानाचे वजन घन सेंटीमीटरला ०.६५ ग्रॅम धरले, तर एका कापाचे सुमारे ६ ग्रॅम आणि दिवसाच्या शंभर कापांचे ६०० ग्रॅम झाले. यंत्राच्या कापडी पिशवीतील भुसा दुकानातील खिळ्यांच्या काट्यावर तोलला, तर तो पाव किलोच्या आतच भरला. उरलेला शेडमध्ये होता. काही जमिनीवर, काही हवेत.

ब्रिटनमध्ये कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ३ मिलिग्रॅम आहे. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब व तीन मीटर उंच शेडमध्ये ३६ घनमीटर हवा मावते. तिला ही मर्यादा लावली, तर एकूण १०८ मिलिग्रॅम धूळ हवेत चालेल. सहाशे ग्रॅमचा केवळ पाचहजारावा हिस्सा तरंगत राहिला, तरी तो १२० मिलिग्रॅम होतो. वहीत जमेस न धरलेले दायित्व ते हेच.

“बंदूक पुढच्या वर्षी घेऊ,” वडील सकाळी मुलाला म्हणाले. “नवं यंत्र घेतलं असतं, तरी भुसा एवढाच उडाला असता. वाचलेले पैसे त्याचेच आहेत.”

मुलगा नाराज झाला, पण वहीतील आकड्यांना त्याच्यापाशी उत्तर नव्हते. पुढील आठवड्यात त्याने ही व्यवस्था स्वतःच उभी केली.

या यंत्राचा भुसा आवरणे अवघड असण्यास कारण आहे. पात्याचे दाते तळाशी मागच्या दिशेने जातात, त्यामुळे भुसा आधारपट्टीच्या पलीकडे फेकला जातो. भुसा ओढणारे तोंड लहान असते आणि डोके फिरले, कलले की फवाऱ्याची दिशाही बदलते. म्हणून एकाच उपायावर विसंबता येत नाही.

पहिला उपाय म्हणून कापडी पिशवी काढून तेथे व्हॅक्यूमची नळी जोडली. नळीच्या ओझ्याने डोके ओढले जाऊ नये, यासाठी ती छताला दोरीने टांगली. व्हॅक्यूमला हेपा फिल्टर बसविला. साध्या फिल्टरमधून सर्वांत घातक असे बारीक कण पुन्हा खोलीतच येतात आणि स्वच्छतेचा केवळ आभास होतो.

दुसरा उपाय रबरी झालरीचा. स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून भुशाच्या तोंडाखाली बसविला. त्यामुळे ते तोंड कापाच्या अधिक जवळ आले. प्लग काढून, पाते हाताने फिरवीत, डोके प्रत्येक अंशात व पूर्ण खोलीपर्यंत नेऊन रबर पात्याला कोठेही लागत नाही, याची मिस्त्रींनी खात्री केली.

तिसरा उपाय सायक्लोनचा. व्हॅक्यूमच्या आधी बसविलेल्या या शंकूत हवा भोवऱ्यासारखी फिरते, जड भुसा खालच्या डब्यात पडतो आणि फिल्टर तुंबत नाही. जेम्स डायसन यांना पिशवीविना व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना लाकूड गिरणीवरील अशाच शंकूवरून सुचली आणि ती सिद्धीस नेण्यासाठी त्यांनी ५,१२७ नमुने तयार केले. येथे मात्र दुकानातील रंगाचा रिकामा डबा पुरला.

चौथा उपाय प्लायवुडच्या आडोशाचा. यंत्राच्या मागे व दोन्ही बाजूंना, डोके पूर्ण फिरेल एवढ्या अंतरावर हा आडोसा उभा केला आणि तळाशी उतार देऊन खण ठेवला. निसटलेला जाड भुसा भिंतीवर आपटून परत न येता खणात पडू लागला.

विजेचाही विचार करावा लागला. यंत्राला सुमारे ७ अँपिअर आणि १,२०० वॅटच्या व्हॅक्यूमला ५ अँपिअर लागतात. दोन्हींसाठी १६ अँपिअरची स्वतंत्र जोडणी घेतली. आधी व्हॅक्यूम, मग यंत्र, आणि यंत्र थांबल्यावरही काही क्षण व्हॅक्यूम चालू, असा क्रम ठरला. डबा रोज संध्याकाळी रिकामा करावयाचा आणि या यंत्रावर लोखंड कधीही कापावयाचे नाही, असा नियमही झाला. भुशात पडलेली एक ठिणगी रात्रभर धुमसत राहू शकते.

पुन्हा शंभर काप झाल्यावर डबा, व्हॅक्यूम व खण यांतील भुसा त्याच काट्यावर तोलला. तो अर्ध्या किलोच्या वर भरला. सहाशेचा ताळा पूर्ण जुळला नाही. जो हिस्सा कोठेच सापडला नाही, त्याच्यासाठी एन-९५ मुखपट्टी आणि झाडूऐवजी ओल्या फडक्याने सफाई, असे ठरले. गळ्यातल्या पंचाचे टोक नाकाला लावून बारीक धूळ अडत नाही, हे मिस्त्रींना पटावयास आणखी काही दिवस गेले.

सगळा खर्च बारा हजार आठशे झाला. वडिलांनी वहीत तो ‘किरकोळ’ या सदरात टाकला नाही. यंत्राचे पंधरा हजार, ब्रश व पात्याचे दोन हजार आणि भुशाची व्यवस्था बारा हजार आठशे, अशी बेरीज करून त्यांनी यंत्राची किंमत एकोणतीस हजार आठशे लिहिली.

पुढल्या आठवड्यात एका दुपारी मिस्त्री जेवावयास बसले. सवयीने त्यांनी डब्याचे फडके झटकले, मग थांबून त्यावरून बोट फिरविले आणि ते मुलापुढे धरले.

“बघा, बाळासाहेब. झटकायला काही राहिलंच नाही.”