साडेआठचे आठ कसे झाले?



शाळेत बाईंनी शिकवलं होतं, अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तर पुढचा पूर्णांक घ्यायचा. म्हणजे साडेआठचे नऊ. पायथॉन ३ च्या राउंड फंक्शनला ८.५ देऊन बघा. उत्तर येतं ८!

२०१९ मध्ये एका क्लायंटची हजेरीची सिस्टीम आम्ही पायथॉन २ वरून ३ वर नेली, कारण १ जानेवारी २०२० पासून पायथॉन २ चा सपोर्ट बंद होणार होता. करारात अर्धा तास पूर्ण धरायचा असं होतं. मी टेस्टला ७.५ आणि ३.५ दिले, ८ आणि ४ आले. खूश होऊन घरी गेलो.

महिन्याभराने गोदामातला एक कामगार पगाराची पावती घेऊन आला. रोज साडेआठ तास काम, पण हिशोबात आठच. रोज अर्धा तास गायब! एरर नाही, वॉर्निंग नाही.

मी हेल्प मागवली. राउंडच्या डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे फंक्शनच्या पोटातच ठेवलेल्या माहितीत, अर्ध्याबद्दल अवाक्षर नव्हतं. मग लायब्ररीचं मॅन्युअल उघडलं. तिथे मात्र स्पष्ट लिहिलेलं: दोन्ही बाजू सारख्याच जवळ असतील तर सम संख्या घेतली जाते. म्हणून ७.५ चे ८ आणि ८.५ चेही ८. पायथॉन २ मध्ये दोन्हीकडे शाळेचाच नियम होता. सम संख्येच्या नियमालाही कारण आहे बरं का. प्रत्येक अर्धा वरच ढकलला तर मोठ्या बेरजा फुगतात.

म्हणजे भाषा चुकली नव्हती. मी वाचलं नव्हतं. पण त्या माणसाचे पैसे माझ्यामुळे अडकले, हे काही केल्या विसरता येत नाही. फरक काढून सगळ्यांना दिला गेला. कोडमध्ये डेसिमल मॉड्यूलचा 'राउंड हाफ अप' वापरला आणि डॉकस्ट्रिंगमध्ये लिहिलं: 'अर्धा तास पूर्ण धरतो. ८.५ चे ९.'

फंक्शन काय करतं हे नावावरून कळतंच हो. काठावर काय करतं, ते लिहायचं असतं. तुम्हीही अशी ठेच खाल्ली असेल तर जरूर कळवा.

असो. पुढच्या अंकात भेटूच.