विश्लेषण : दुधाची पाइपलाइन न खोलता कशी धुतात?

बीड जिल्ह्यात, विशेषतः आष्टी आणि पाटोदा तालुक्यांत, कोरडवाहू शेतीला दुधाच्या जोडधंद्याचा आधार आहे. संकलन केंद्रातील दूध बल्क कूलरमध्ये ४ अंशांपर्यंत थंड करून प्रकल्पात जाते. यंत्रणा नीट धुतली नाही तर जंतू वाढून दूध नासते.

‘सीआयपी’ म्हणजे काय?
‘क्लीनिंग इन प्लेस’. पाइप, पंप, टाक्या न खोलता त्यांतून पाणी आणि रसायने फिरवली जातात. प्रकल्पात आधी साधे पाणी, नंतर सुमारे १ ते १.५ टक्के कॉस्टिक सोडा ७० ते ७५ अंशांवर. त्याने स्निग्धांश व प्रथिनांचा थर निघतो. पुन्हा पाणी, मग सौम्य नायट्रिक आम्ल. ते क्षारांचा थर विरघळवते. शेवटी स्वच्छ पाणी.

धोका कुठे?
पाइपच्या आतले डोळ्यांना दिसत नाही. अखेरचे धुणे अपुरे राहिले तर रसायनाचा अंश दुधात उतरू शकतो. म्हणून त्या पाण्याचा पीएच तपासून नोंद ठेवणे आवश्यक.

पाणीटंचाईत काय?
अखेरच्या धुण्याचे पाणी साठवून पुढच्या पाळीच्या पहिल्या धुण्याला वापरता येते. कॉस्टिकचे द्रावणही तीव्रता तपासून पुन्हा चालते. मात्र बचत म्हणून अखेरचे धुणे आखडते घेणे महागात पडते.

उत्पादकांनी काय पाहावे?
फॅट, एसएनएफची पावती हाती मिळते. धुण्याची नोंदवहीही दाखवा, असे केंद्राला विचारायला हवे. अस्वच्छ टाकीत दूध नासले, तर त्याचे खापर उत्पादकावर फुटू नये.