फुप्फुसाचा कॅन्सर फक्त पुरुषांचा?

"बाईमाणसाला कुठला फुप्फुसाचा कॅन्सर?" हा समज आता सोडा. अमेरिकेचेच उदाहरण घ्या. तिथे पुरुषांनी सिगारेट आधी धरली आणि आधी सोडू लागले. या कॅन्सरने होणाऱ्या त्यांच्या मृत्यूंचे प्रमाण १९९० च्या सुमारास शिखर गाठून उतरू लागले. बायकांनी सिगारेट उशिरा धरली, म्हणून त्यांचे प्रमाण त्यानंतरही काही वर्षे चढतच राहिले. १९८७ मध्ये तर त्याने स्तनाच्या कॅन्सरलाही मागे टाकले. धूर स्त्री-पुरुष पाहत नाही; वीस-तीस वर्षांनी हिशेब मागतोच. आपल्याकडे बहुतेक बायका सिगारेट ओढत नाहीत. पण चुलीचा धूर, नवऱ्याच्या बिडीचा धूर? तीन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा थुंकीतून रक्त असेल, तर तिचीही तपासणी करा!