न्यायमूर्ती मोटली आणि 'पक्षपाता'चा कांगावा

बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथूनच कॉन्स्टन्स बेकर मोटली यांनी १९४६ साली कायद्याची पदवी घेतली. गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे काळ्यांना उघडावीत म्हणून त्या कोर्टात लढल्या. १९६६ साली अमेरिकेच्या पहिल्या काळ्या महिला फेडरल न्यायाधीश झाल्या.

१९७५ साली स्त्रियांनी एका बड्या वकिली फर्मवर भेदभावाचा दावा लावला. फर्मचा वकील म्हणाला, भेदभाव सोसणाऱ्यांशी तुमची जवळीक, खटला सोडा! मोटलींनी ठणकावले : वंश वा लिंग हेच कारण धरले, तर इथला एकही न्यायाधीश हा खटला चालवू शकणार नाही.

आमच्याकडे दलित न्यायाधीशाचीच जात दिसते. सवर्णाला ती नसतेच म्हणे! चळवळीतल्या वकिलांनी मोटलींचा हा आदेश फायलीत ठेवावा.