लंगोट बांधण्याआधी कागद

चैत्र लागला की आमच्या भागात यात्रांच्या कुस्त्यांचे फोन सुरू होतात. मी निमगाव केतकीचा पानमळेवाला. आसपासच्या यात्रा कमिट्यांना कुस्त्या जोडून द्यायचं काम हौसेनं करत आलोय. पूर्वी फोन वस्तादांचा यायचा. आता पैलवानाच्या मागे फिरणाऱ्या कुणा 'दादा'चा येतो आणि पहिलंच वाक्य असतं, "एवढ्यात नाही जमत. वाढवा, नाहीतर राहू द्या."

मोठ्या कुस्त्यांना येणारी पोरं आता बहुतेक कॉलेजची. कुणी बारामतीला शिकतं, कुणी इंदापूरला, कुणी पुण्यात राहून तालीम करतं. आंतरविद्यापीठ स्पर्धेत पदक पडलं की गावात फ्लेक्स लागतो, इन्स्टाग्रामवर रील फिरतं. मग जिमवाला येतो, प्रोटीन पावडरवाला येतो, प्लॉटिंगवाला येतो. टी-शर्टवर नाव टाकायचं, दुकानाच्या उद्घाटनाला उभं राहायचं, त्याचे पैसे. पोरानं ते घ्यावेत का? जरूर घ्यावेत. दूध, तूप, बदाम, फळं धरली तर चांगल्या पैलवानाचा खुराक बापाच्या उसाच्या बिलात भागत नाही. 'खेलो इंडिया'त निवड झाली तर वर्षाला १ लाख २० हजार रुपये हातखर्चाला मिळतात, पण ती निवड किती जणांची होणार?

खेळाडूनं पैशाचं नाव काढू नये, असं म्हणणाऱ्यांनी खाशाबा जाधव आठवावेत. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणून दिलं आणि परत आल्यावर कुस्त्या घेऊन ते कर्ज फेडलं. त्यागाची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो. मला ती व्यवस्थेच्या नादारीची गोष्ट वाटते.

तेव्हा भाव मागण्याला माझा विरोध नाही. माझं म्हणणं अडून बसण्याबद्दल आहे.

मागे एका यात्रेत एक नंबरची कुस्ती ७५ हजारांवर ठरली. पोस्टर छापून झालं, हलगीवाले सांगून झाले. चार दिवस उरले असताना निरोप आला, दीड लाख केल्याशिवाय पैलवान लंगोट बांधणार नाही. दारोदार वर्गणी मागणाऱ्या कमिटीनं दीड लाख आणायचे कुठून? शेजारच्या तालमीतला दुसरा मल्ल आणला. त्यानं घिस्सा मारून पाचव्या मिनिटाला कुस्ती निकाली केली आणि फडानं त्यालाच डोक्यावर घेतलं. अडून बसलेल्या पोराचं नाव पुढच्या हंगामात कुठल्या कमिटीनं घेतलं नाही. त्यातच सरावात गुडघा गेला. ऑपरेशनच्या वेळी 'दादा'चा फोन लागेना, आणि ज्याच्या दुकानावर या पोराचा फोटो होता तिथं महिनाभरात दुसऱ्याचा लागला.

पण त्या पोराची बाजूही मला माहीत आहे. आदल्या वर्षी एका गावात माइकवरून ५१ हजारांचं इनाम पुकारलं आणि पाकिटात निघाले २१. उरलेले 'नंतर बघू'. म्हणून त्या वर्षी तो अडला. हा अनुभव गावच्या फडापुरता नाही. २०२२ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झाल्यावर पृथ्वीराज पाटील यांनीही रोख बक्षीस मिळालं नसल्याची खंत बोलून दाखवली होती. गदा खांद्यावर असलेल्या मल्लाची ही गत, तर कॉलेजच्या पोराला कोण विचारतो?

अमेरिकेत हाच पैशाचा खेळ कोटींच्या हिशोबानं चाललाय. तिथं १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनं तर कॉलेजांनाच खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजमागे २ कोटी ५ लाख डॉलर. तरी भांडण तेच. मॅथ्यू स्लुका या अमेरिकन फुटबॉलपटूनं सप्टेंबर २०२४ मध्ये, संघ पहिले तिन्ही सामने जिंकलेला असताना, लास व्हेगासच्या विद्यापीठाचा संघ सोडला. कबूल केलेले १ लाख डॉलर मिळाले नाहीत, ही त्याच्या बाजूची तक्रार. कबुली तोंडी होती. संघ त्याच्याविनाही जिंकत राहिला. पुढच्याच एप्रिलमध्ये टेनेसी विद्यापीठाचा फुटबॉलपटू निको यामालियावा याच्या रकमेवरून बोलणी चालू असल्याच्या बातम्या होत्या. तो सरावाला आला नाही आणि प्रशिक्षकानं दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, आम्ही त्याच्याशिवाय पुढे जातोय. त्याला दुसरं विद्यापीठ मिळालं, पण बातम्यांनुसार पैसे वाढले नाहीत.

कांदेवाला भाव पडला तर माल चाळीत ठेवून वाट बघू शकतो. पानमळेवाल्याला ती सोय नाही. खुडलेलं पान आज-उद्या बाजारात गेलं नाही तर पिवळं पडतं, मग मिळेल त्या दरानं द्यायचं. पैलवानाची तयारी पानासारखी आहे. विशी ते तिशी एवढाच हंगाम, त्यातही दुखापती. अहिल्यानगरला २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत निकालावरून राग धरून एकानं पंचाला लाथ मारली, दुसरा अंतिम कुस्ती अर्धवट सोडून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. निर्णय चूक की बरोबर यावर पारावर आजही वाद होतात. पण पैलवानाच्या आयुष्यातली तीन वर्षं म्हणजे किती, हे तालमीतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

म्हणून पोरांनो, अडायचंच असेल तर सुरुवातीला अडा. पोस्टर छापण्याआधी, रील निघण्याआधी. रक्कम किती, कधी, रोख की खात्यात, फोटो किती महिने वापरणार, दुखापत झाली तर काय, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पावडरच्या डब्यासोबत फोटो काढण्याआधी डब्यात काय आहे ते डॉक्टरांना दाखवा. उत्तेजक चाचणीत सापडलात तर 'मला माहीत नव्हतं' एवढ्यावर सुटका होत नाही. जबाबदारी खेळाडूची, कंपनीची नव्हे. आणि परीक्षा बुडवू नका. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, पण पदवी लागणाऱ्या जागेला नुसतं पदक चालत नाही. हातात पदवी असलेल्या पोराला 'राहू द्या' म्हणणं परवडतं.

कॉलेजांनाही एक सांगणं आहे. प्रवेशाच्या जाहिरातीत पदकवाल्यांचे फोटो तुम्ही छापता. मग क्रीडा विभागात एखादा माणूस या पोरांचे करार वाचून द्यायला बसवा. वाणिज्य शाखा तुमच्याकडे आहे, वकील माजी विद्यार्थी आहेत. वेगळा खर्च काही नाही.

राहता राहिल्या आमच्या कमिट्या. माइकवरून मोठा आकडा पुकारून पाकीट हलकं करायची सवय आपण लावली, तेव्हा पोरांच्या हटवादीपणाला निम्मे जबाबदार आपणही आहोत. यापुढे मी कुस्ती जोडीन ती दोन्हीकडच्या सह्या झाल्यावरच. ज्या गावाला हे मान्य नसेल, त्यानं मला फोन करू नये.